मराठी वेबसाइटसाठी एडिटर निवडताना

अंधेरी, लोअर परळ किंवा विक्रोळीच्या एखाद्या वेब एजन्सीत नव्याने लागलात की कधी ना कधी हे काम तुमच्याकडे येतंच. क्लायंटसाठी सीएमएस (वेबसाइटवरचा मजकूर स्वतः बदलता येण्याची व्यवस्था) बनतोय, त्यात मजकूर लिहायला कुठला एडिटर बसवायचा ते बघून सांग. काम किरकोळ वाटतं, म्हणूनच ते नवख्या माणसाकडे जातं. पण आपण वेबसाइट सोपवून निघून आल्यावर क्लायंटच्या ऑफिसातला माणूस रोज जे उघडून बसतो, ते एडिटरच असतं. बाकीचा कोड त्याला कधी दिसतही नाही. म्हणून हे काम मिळालं तर मनापासून करा.

बहुतेक जण सुरुवात तुलनेच्या तक्त्यांपासून करतात. टायनीएमसीई की सीकेएडिटर, क्विल की टिपटॅप, कुणाकडे किती बटणं. माझा सल्ला असा की तक्ता बाजूला ठेवा आणि आधी क्लायंटच्या ऑफिसात जाऊन बसा. गिरगावातला ट्रस्ट असो, दादरचं वाचनालय असो की परळची पतपेढी, मजकूर टाकणारी व्यक्ती क्वचितच ‘कंटेंट रायटर’ असते. पावत्या फाडणाऱ्या, फोन घेणाऱ्या मॅडमच वेबसाइटही सांभाळतात. त्यांच्याकडे मजकूर येतो कसा ते बघा. व्हॉट्सॲपवर? वर्डच्या फाइलमध्ये? की स्मरणिका छापणाऱ्या डीटीपीवाल्याकडून पेजमेकरच्या फाइलमधून? या उत्तरांवरूनच निवड निम्मी झालेली असते.

आता थोडी आतली गोष्ट. ब्राउझरमध्ये थेट पानावर लिहिता येण्याची सोय इंटरनेट एक्स्प्लोरर ५.५ मध्ये, म्हणजे २००० साली आली. ‘कंटेंट-एडिटेबल’ असं तिचं नाव. पुढे सगळ्या ब्राउझरांनी ती उचलली, पण प्रत्येकाने आपापल्या पद्धतीने. एंटर दाबल्यावर पानाच्या एचटीएमएल कोडात एक ब्राउझर पॅराग्राफचा टॅग, म्हणजे खूण, टाकायचा, दुसरा नुसता लाइन-ब्रेक, तिसरा डिव्ह म्हणजे साधी चौकट. स्क्रीनवर सगळं सारखंच दिसायचं आणि डेटाबेसमध्ये तीन प्रकारचा मजकूर साठायचा. जुन्या पिढीतले एडिटर ब्राउझरने तयार केलेलं एचटीएमएल घेऊन ते साफसूफ करत बसतात. सीकेएडिटर ५, प्रोझमिरर, त्यावर उभा असलेला टिपटॅप आणि मेटाचा लेक्सिकल हे मजकुराचा स्वतःचा आराखडा ठेवतात. कुठल्या आत काय बसू शकतं हे आधी ठरवलेलं असतं, आणि त्या आराखड्यात न बसणारी गोष्ट आत शिरूच शकत नाही. बरेच लोक मजकूर टाकणार असतील, तर मी या दुसऱ्या प्रकाराकडे झुकते.

मराठी वेबसाइटची खरी परीक्षा पेस्टमध्ये होते, आणि यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवते. वर्डमधून कॉपी केलेल्या एका साध्या परिच्छेदाबरोबर मायक्रोसॉफ्टच्या खास स्टाइलचं मोठं ओझं येतं. ‘एमएसओ’ने सुरू होणारे क्लास, प्रत्येक शब्दाभोवती स्पॅन, फॉन्टचं नाव, आकार, रंग. त्यामुळे वेबसाइटची रचना बदलली तरी जुनी पानं जुन्याच रंगात आणि आकारात अडकून राहतात. चांगला एडिटर पेस्ट करतानाच हे गाळतो आणि शीर्षक, यादी, लिंक, तक्ता एवढंच राखतो. त्यात किती फरक असतो हे माहितीपत्रक वाचून कळत नाही. क्लायंटचीच एखादी गिचमिड फाइल मागून घ्या, प्रत्येक एडिटरमध्ये पेस्ट करा आणि उतरलेला कोड वाचा.

याहून अवघड प्रकरण जुन्या फॉन्टचं. मुंबईतल्या कितीतरी संस्थांचा वर्षानुवर्षांचा मजकूर श्रीलिपी किंवा सीडॅकच्या आयएसएममधल्या युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये आहे, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच क्रमांक देणारी युनिकोड पद्धत रूढ होण्याआधीच्या. या फायलींत मुळात रोमन अक्षरांचे आणि चिन्हांचे क्रमांक साठवलेले असतात, मराठीपण फक्त फॉन्टच्या आकारांत असतं. असा मजकूर एडिटरमध्ये पेस्ट केला आणि एडिटरने फॉन्टचं नाव तसंच ठेवलं, तर ऑफिसातल्या मॅडमना सगळं अगदी शुद्ध मराठीत दिसतं, कारण त्यांच्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट आहे. त्याच पानावर मोबाइलवरून आलेल्या सभासदाला मात्र निरर्थक चिन्हांची रांग दिसते. गूगललाही त्यातलं एक अक्षर सापडत नाही. जे दिसतं तेच मिळतं, हे या एडिटरांचं मूळ आश्वासन इथे पूर्णपणे खोटं ठरतं. म्हणून फॉन्टचं नाव पेस्टच्या वेळीच काढून टाकणारा एडिटर हवा. मग चिन्हांची रांग मॅडमनाही लगेच दिसते, आणि मजकूर आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यायचा हे प्रकाशित करण्याआधीच लक्षात येतं. फॉन्ट निवडायचं बटण टूलबारवर ठेवूच नका.

मग टायपिंग. आज बराच मजकूर फोनवरून, कल्याण किंवा विरार लोकलमध्ये बसूनसुद्धा लिहिला जातो. जीबोर्डवर रोमन अक्षरांत ‘namaskar’सारखं टाइप करून मराठी शब्द निवडण्याची सवय लाखोंना आहे. तेव्हा शब्द पूर्ण होईपर्यंत तो ‘कच्च्या’ अवस्थेत असतो. एडिटरने मधेच स्वतःचं चित्र पुन्हा रंगवलं, तर अक्षरं गळतात, दोनदा उमटतात किंवा कर्सर उडी मारतो. फेसबुकने २०१६ मध्ये खुला केलेला ड्राफ्ट.जेएस हा एडिटर अँड्रॉइडवर इथेच अडखळायचा. त्याचं काम आता थांबलं आहे आणि २०२२ मध्ये त्याच्या जागी लेक्सिकल आला. म्हणून चाचणी फक्त लॅपटॉपवर उरकू नका. एखाद्या साध्या अँड्रॉइड फोनवर दोन परिच्छेद लिहा, मधला शब्द खोडून पुन्हा टाका, मग इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर, म्हणजे थेट देवनागरी अक्षरांच्या मांडणीवर, तेच करून बघा.

‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ हे दोन शब्द मी प्रत्येक चाचणीत टाकते. पहिल्यात डोंगरातल्या दऱ्या, दुसऱ्यात समुद्र. पहिला शब्द युनिकोडमध्ये दोन पद्धतींनी लिहिला जातो. एका पद्धतीत ‘ऱ’ हे वेगळं अक्षर वापरतात, दुसऱ्या पद्धतीत साधा ‘र’, हलन्त आणि त्यापुढे डोळ्यांना न दिसणारा झिरो विड्थ जॉइनर. सफाई करणारा कोड अनेकदा न दिसणारी चिन्हं कचरा समजून काढून टाकतो, आणि सह्याद्रीच्या दऱ्यांचा दर्या होऊन बसतो. ‘दुसऱ्या’, ‘शेतकऱ्यांना’, ‘वाऱ्यावर’ या रोजच्या शब्दांचंही तेच. दोष एडिटरचा असेल किंवा मागच्या सर्व्हरचा. लिहा, सेव्ह करा, पान बंद करून पुन्हा उघडा आणि मगच तपासा. साइटवरच्या शोधातही दोन्ही पद्धतींनी लिहिलेला शब्द सापडतो का तेही त्याच वेळी बघा.

तिरप्या अक्षरांचं बटणही मी काढून टाकते. देवनागरीच्या बहुतेक फॉन्टना खरा इटॅलिक नसतो, ब्राउझर सरळ अक्षर नुसतं वाकवतो आणि शिरोरेषेवरच्या मात्रा वाचायला त्रास होतो. ओळींमधलं अंतर एडिटरच्या चौकटीत आणि खऱ्या पानावर सारखंच ठेवा, इंग्रजीसाठी बेतलेल्या अंतरात आपल्या मात्रा आणि उकार एकमेकांना भिडतात.

टूलबारवर मग उरतं काय? दोन पातळ्यांची शीर्षकं, ठळक, यादी, लिंक, चित्र, गरज असेल तर तक्ता, आणि केलेला बदल मागे घेण्याची आणि परत आणण्याची (अनडू-रीडू) बटणं. क्लायंट रंगाचं बटण मागतील. तेव्हा नुसतं नको म्हणू नका. त्यांना रंग कशासाठी हवाय ते विचारा. बहुतेकदा त्यांना ‘महत्त्वाची सूचना’ उठून दिसायला हवी असते, आणि त्यासाठी एक ठरलेली चौकट करून देता येते. शीर्षकाच्या जागी नुसती ओळ ठळक करण्याची सवय मात्र मोडायला हवी. दृष्टिहीन वाचक स्क्रीन रीडरवर शीर्षकावरून शीर्षकावर उड्या मारत पान ऐकतात. ठळक ओळ त्यांच्यासाठी शीर्षक ठरत नाही. चित्राचं वर्णन लिहिण्याची जागाही समोर दिसली पाहिजे.

साठवण्याच्या बाजूने दोन गोष्टी. क्विल आणि एडिटर.जेएस मजकूर स्वतःच्या जेसन रचनेत (नाव आणि मूल्य अशा जोड्यांनी मांडलेला डेटा) देतात, टायनीएमसीई आणि सीकेएडिटर एचटीएमएल देतात. मोबाइल ॲपलाही तोच मजकूर द्यायचा असेल तर जेसन सोयीचं पडतं. पण उद्या एडिटर बदलायची वेळ आली तर एचटीएमएल कुठेही नेता येतं. लहान संस्थेसाठी मी एचटीएमएलच निवडते. दुसरी गोष्ट मराठीची. युनिकोड साठवण्याच्या यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, मात्रा आणि हलन्तही वेगळे मोजले जातात. मायएसक्यूएल या डेटाबेसच्या साध्या टेक्स्ट रकान्यात ६५,५३५ बाइट मावतात, म्हणजे टॅग धरलेच नाहीत तरी २१,८४५ चिन्हं. एखादा दीर्घ लेख तिथे सहज अडतो. त्याहून मोठा मीडियमटेक्स्ट रकाना घ्या, आणि इमोजीसाठी यूटीएफ-८एमबी४. पेस्ट केलेलं चित्र मजकुरातच बेस६४ करून, म्हणजे अक्षरांत बदलून, साठवणारी सोय बंद ठेवा, चित्र त्यात साधारण एक तृतीयांशाने फुगतं आणि बॅकअप जड होतो.

सुरक्षेबाबत एकच, पण ते कायम लक्षात ठेवा. एडिटर ब्राउझरमध्ये चालतो, त्यामुळे त्याला बगल देऊन कुणीही थेट सर्व्हरला स्क्रिप्ट पाठवू शकतं. असा घातक कोड काढून टाकणारी गाळणी सर्व्हरवरच लागते. पीएचपी असेल तर एचटीएमएल प्युरिफायर, नोडवर डॉमप्युरिफाय.

परवान्याचं पान कंटाळवाणं असतं, तरी वाचाच. टायनीएमसीई आवृत्ती ६ एमआयटी या मोकळ्या परवान्याखाली होती, २०२४ च्या आवृत्ती ७ पासून ती जीपीएलखाली आली, ज्यात सोबत वाटलेला कोडही खुला ठेवण्याची अट असते. सीकेएडिटर ५ ला जीपीएल किंवा विकतचा परवाना लागतो. सीकेएडिटर ४ ची मोफत देखभाल जून २०२३ मध्ये संपली, तरी ती अजून कितीतरी साइटवर चालू आहे. नव्या कामात ती घालू नका. क्विल, प्रोझमिरर आणि लेक्सिकल यांचे परवाने मोकळे आहेत. क्लायंटचा कोड बंदिस्त असेल तर ही माहिती सिनिअरसमोर आधीच ठेवा, कोटेशन गेल्यावर हा विषय काढणं सगळ्यांनाच महागात पडतं.

आणि क्लायंट वर्डप्रेसवर असेल, तर निवड जवळजवळ झालेलीच असते. डिसेंबर २०१८ च्या ५.० आवृत्तीपासून ब्लॉक एडिटर (परिच्छेद, चित्र, यादी असे वेगवेगळे तुकडे जोडत लिहायचा) आला, त्याआधी आत टायनीएमसीई होता. बाहेरून तिसरा एडिटर आणून बसवण्यापेक्षा नको असलेले ब्लॉक आणि रंग बंद करून द्या. ज्यांचा हात जुन्या एडिटरवर बसला आहे त्यांच्यासाठी क्लासिक एडिटर प्लगइन आहे.

साइट सुरू झाल्यावर महिन्याभराने डेटाबेसमधल्या ताज्या नोंदी काढून वाचा. मजकुरातच चिकटलेली इनलाइन स्टाइल कुठे आली, रिकामे परिच्छेद किती, तक्ता कशासाठी वापरला. कार्यक्रमाची तारीख, वेळ आणि स्थळ प्रत्येक वेळी तक्त्यात लिहिलेलं दिसलं, तर ते एडिटरमधून काढून स्वतंत्र रकाने करून द्या.