एटीव्ही घेताना किंमत आणि सर्व्हिस
बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर, जांबोटी, कणकुंबी या पट्ट्यात शेताच्या कामासाठी एटीव्ही (खडबडीत जमिनीवर चालणारी छोटी, उघडी चारचाकी) घेणाऱ्याने दोन-तीन ठिकाणांची कोटेशने जरूर मागवावीत. मात्र पुण्याच्या विक्रेत्याने काही हजार कमी सांगितले म्हणून लगेच इसार देऊ नये. पुणे बेळगावहून तीनशे किलोमीटरहून अधिक लांब आहे, आणि ही गाडी बहुधा सार्वजनिक रस्त्यावर चालवता येत नसल्याने प्रत्येक मोठ्या दुरुस्तीला टेम्पोचे भाडे अंगावर पडते. एक्सलच्या (चाक फिरवणाऱ्या दांड्याच्या) जॉइंटवरच्या रबरी आवरणाला, म्हणजे बूटला, बारीक चीर पडली, तरी पावसाळ्यात आपली तांबडी माती आत शिरते, ग्रीस खराब होते आणि वळताना कटकट आवाज येऊ लागतो. बूट वेळेवर न मिळाल्यास अख्खा जॉइंट बदलण्याची पाळी येते. म्हणून बूट, सीव्हीटी बेल्ट (इंजिनाची ताकद चाकांकडे नेणारा पट्टा) आणि एअर फिल्टर दुकानात शिल्लक आहेत का, हे तोंडी न विचारता काउंटरवर मागून डोळ्यांनी पाहावे. पहिल्या सर्व्हिसला मेकॅनिक शेतावर येईल का व त्याचा खर्च कोणाचा, हे कोटेशनवरच लिहून घ्यावे. फुकटच्या हेल्मेट-कव्हराला मी तरी फारसे महत्त्व देत नाही. किमतीतला फरक खरोखरच मोठा असेल, तर लांबच्या विक्रेत्याकडून बूट आणि बेल्टचा एक जादा संच त्याच किमतीत मागून घ्यावा.