युद्धनौकेचं मोठं मॉडेल कसं बांधावं: १:२०० मधली बिस्मार्क

सव्वा मीटरची युद्धनौका बांधायला घेणारे बहुतेक जण आधी तोफा आणि रेलिंगचा विचार करतात, धडाचा, म्हणजे जहाजाच्या मुख्य अंगाचा, नंतर. मग शेकडो बारीक भाग लावून झाल्यावर मॉडेल टोकाकडून बघितलं की लक्षात येतं, पुढचा डेक एका बाजूला कललाय आणि मागचा दुसऱ्या. तोवर करण्यासारखं काही उरलेलं नसतं. म्हणून या लेखातली निम्मी जागा धडाला दिली आहे. बाकीचं काम चिकाटीचं आहे, अवघड नाही.

जहाज, माप आणि तारीख

पहिलं मोठं मॉडेल करणार असाल तर दुसऱ्या महायुद्धातली जर्मन युद्धनौका बिस्मार्क घ्या. तिचा डेक नाळेपासून, म्हणजे पुढच्या टोकापासून, मागच्या टोकापर्यंत सलग आहे, मध्ये पायरी नाही. नकाशे मुबलक मिळतात आणि १:२०० मध्ये पितळी नळ्या, कोरीव पत्र्याची रेलिंगं तयार विकत मिळतात. जपानी युद्धनौका यामातो दिसायला देखणी आहे, पण तिच्या डेकची कड लांबीभर वरखाली जाते. ती दुसऱ्या मॉडेलसाठी ठेवा.

मूळ जहाज २५१ मीटर लांब आणि ३६ मीटर रुंद होतं. १:२०० मध्ये, म्हणजे मूळच्या दोनशेव्या भागात, हे १२५.५ सेंमी लांब आणि १८ सेंमी रुंद होतं. १:१०० करायचा मोह आवरा. अडीच मीटरचं जहाज सोसायटीच्या जिन्यात वळत नाही आणि लिफ्टमध्ये मावत नाही. ट्रंपेटर कंपनीच्या १:२०० च्या प्लास्टिक किटमध्ये धड तयार येतं. हा लेख धड स्वतः बांधणाऱ्यांसाठी आहे.

तारीख आधी ठरवा, कारण रंग तिच्यावर अवलंबून आहे. १९४१ च्या वसंतात बाल्टिक समुद्रात असताना बिस्मार्कच्या अंगावर काळे-पांढरे तिरपे पट्टे होते. २१ मे १९४१ ला नॉर्वेत बर्गनजवळ नांगर टाकलेला असताना त्यांवर करडा रंग दिला गेला. २४ मेची डेन्मार्क सामुद्रधुनीतली लढाई दाखवायची आणि पट्टेही ठेवायचे, हे चालणार नाही. पट्टे हवे असतील तर सरावाच्या काळातलं जहाज करा.

सामान

फ्रेमसाठी (धडाचे आडवे छेद) ४ मिमी प्लाय, वरून चढवायच्या कातडीसाठी २.५ मिमी बाल्साचं हलकं लाकूड, नाळेसाठी शिवणीचे ठोकळे, वरच्या बांधकामासाठी अर्धा आणि एक मिमीची स्टायरीन प्लास्टिकची शीट. फ्रेम हाताने कापत बसू नका. नाशकात अंबड किंवा सातपूर एमआयडीसीच्या बाजूला लेझर कटिंग करून देणारे आहेत, नकाशाची डीएक्सएफ फाइल दिली की एका बैठकीत सगळ्या फ्रेम निघतात. फाइल करण्याआधी प्लाय विकत घ्या आणि व्हर्नियरने मोजा. ४ मिमी म्हणून मिळणारा प्लाय बऱ्याचदा त्याहून पातळ भरतो, आणि खाच ४ मिमीची ठेवली तर प्रत्येक फ्रेम कण्यावर डुलते. बारीक चिमटे, सोनाराची करवत आणि एक मिमीच्या आतले ड्रिल सराफ बाजाराच्या बाजूला सोनारकामाची हत्यारं मिळतात तिथे शोधा. हॉबीच्या नावाखाली मिळणारी तीच वस्तू महाग पडते.

नकाशा छापताना दुकानदाराला ‘फिट टू पेज’ बंद करायला सांगा. नकाशावर आधीच १०० मिमीची एक रेघ मारून ठेवा आणि छापल्यावर ती मोजून घ्या.

धड: इथे घाई नको

पाण्याच्या रेषेवर बिस्मार्कची लांबी २४१.६ मीटर, म्हणजे मॉडेलवर १२०८ मिमी. तिचे वीस भाग केले की फ्रेममधलं अंतर ६०.४ मिमी येतं आणि फ्रेम होतात एकवीस. पुढच्या आणि मागच्या तीन-तीन घरांत (दोन फ्रेममधल्या जागांत) मध्ये आणखी एकेक फ्रेम घाला, कारण आकार तिथेच वेगाने बदलतो. प्रत्येक फ्रेमच्या रेषेतून ३ मिमी आत वजा करा: अडीच बाल्साचे, अर्धा पुट्टीचा. हे विसरलं तर जहाज ६ मिमीने जाड होतं, आणि मूळ मापात ते १.२ मीटर भरतं.

धड उलटं बांधायचं, डेक खाली आणि कणा वर. हातात धरून किंवा टेबलावर सुलटं ठेवून कणा सरळ राखता येतो असं सांगणाऱ्यांचं ऐकू नका. सव्वा मीटरचा प्लायचा कणा स्वतःच्या वजनानेही वाकतो. पाट म्हणून फ्लश डोअरचा तुकडा घ्या, दीड मीटरचा. प्लायच्या दुकानात कापून उरलेला मिळतो. तो जाड असतो, सहसा सपाट असतो आणि त्यात स्क्रू बसतो. अॅल्युमिनियमची सरळ सेक्शन आडवी, उभी आणि तिरपी टेकवून बघा. खालून उजेड दिसला तर दुसरा तुकडा घ्या. एमडीएफ मात्र नको, दोन टेकूंवर ठेवला की महिन्याभरात झोळ पडतो.

बिस्मार्कचा डेक नाळेकडे चढतो. त्यामुळे उलट्या फ्रेम डेकवर उभ्या करता येत नाहीत, प्रत्येकीला पाय लागतात. डेकच्या सगळ्यात उंच बिंदूच्या १५ मिमी वर एक काल्पनिक सपाटी धरा आणि सगळ्या फ्रेमचे पाय तिथपर्यंत वाढवून कापून घ्या. शेवटी हे पाय कापून टाकायचे आहेत, त्यामुळे डेकची रेषा लेझरनेच फ्रेमवर कोरून घ्या.

पाटावरची मधली रेघ पट्टीने मारू नका, पट्टी सरकवत नेली की चूक साठत जाते. मासेमारीची नायलॉन दोरी दोन खिळ्यांमध्ये ताणा आणि तिच्याखाली खुणा करा. मग गुण्याने फ्रेमच्या आडव्या रेघा. प्रत्येक रेघेला १२ मिमीची चौकोनी लाकडी पट्टी स्क्रूने बसवा, फ्रेम तिला टेकून उभी राहील.

आता ज्या गोष्टीने सगळ्यात जास्त धडं बिघडतात ती. प्लायला जाडी आहे, रेघेला नाही. मग फ्रेम रेघेच्या कोणत्या अंगाला ठेवायची? जहाजाच्या पुढच्या अर्ध्या भागात फ्रेम रेघेच्या नाळेकडच्या अंगाला, आणि मागच्या अर्ध्या भागात मागच्या टोकाकडच्या अंगाला. असं केलं की जहाज निमुळतं होत जातं त्या बाजूला प्लायची जादा कड येते, आणि ती कानशीने उतरवून योग्य ढाळ देता येतो. उलट ठेवली तर बरोबर माप फ्रेमच्या अरुंद बाजूला पडतं आणि कातडी लावताना प्रत्येक फ्रेमपाशी खळगा राहतो. तो खळगा पुट्टीने भरता येतो, पण नाळेजवळ तो प्रत्येक फ्रेमला वेगळा असतो आणि आकार हातातून जातो.

कणा आणि फ्रेमच्या जोडाला फेविकॉल लावा, फेविक्विक नको. फेविक्विक सरळ करायला वेळच देत नाही आणि नंतर धक्क्याने तुटतो. सगळ्या फ्रेम डिंकाशिवाय एकदा उभ्या करा, तपासा, मगच डिंक. चोवीस तास हात लावू नका.

पीळ तपासायची पद्धत सुताराची आहे. ३० सेंमीच्या दोन अगदी सरळ पट्ट्या घ्या, एक पुढच्या फ्रेमवर आडवी, एक मागच्या, आणि टोकाला बसून एका डोळ्याने बघा. दोन्हींच्या कडा समांतर दिसल्या पाहिजेत. मग पट्टी एकेक फ्रेम पुढे सरकवा. शिवाय नाळेच्या टोकापासून प्रत्येक फ्रेमच्या डाव्या आणि उजव्या कोपऱ्यापर्यंत न ताणणाऱ्या दोऱ्याने मोजा. अर्ध्या मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर ती फ्रेम काढून पुन्हा लावा. पुट्टीने खळगा भरतो, पीळ भरत नाही.

बिस्मार्क स्टँडवर ठेवायची असेल तर आत्ताच कण्यात दोन एम-६ नट अॅराल्डाइटने बसवा, दोन्ही टोकांपासून लांबीच्या साधारण चौथ्या भागावर. कातडी चढल्यावर तिथे हात पोचत नाही.

कातडी

आधी डेकच्या कडेला आणि बुडाच्या वळणावर ५ मिमीच्या लांब पट्ट्या. डावीची आणि उजवीची पट्टी एकाच लाकडातून चिरून घ्या. वेगवेगळ्या लाकडांची ताकद वेगळी असते आणि ताठ पट्टी धड आपल्याकडे ओढते. बाल्साचंही तेच. एक डावीकडे, लगेच तिच्यासमोरची उजवीकडे. एक अख्खी बाजू आधी पूर्ण केली तर कणा केळ्यासारखा वाकतो, आणि दुसरी बाजू लावून तो परत येत नाही.

मधल्या सपाट भागात पूर्ण रुंदीची शीट, वळणावर ८ मिमीच्या पट्ट्या. वळणार नसेल तर बाहेरच्या अंगावर कोमट पाणी फवारा आणि दहा मिनिटं थांबा. पुढच्या दोन आणि मागच्या दोन घरांत पट्ट्यांचा नाद सोडा, शिवणीचे ठोकळे भरून कोरा. नाळेचं वर फाकणं पट्ट्यांनी साधायला फार सराव लागतो. ठोकळ्यात ते चाकू आणि कानशीने होतं.

पुट्टी गाड्यांची, दोन भागांची. भिंतीची पुट्टी लाकडावर तडकते, आणि सगळीकडे एम-सील थापली तर ती बाल्सापेक्षा कितीतरी कडक होते, मग घासताना आजूबाजूचं लाकूड झिजतं आणि पुट्टी तशीच राहते. एका थरात ३ मिमीपेक्षा जास्त नको. नाशकात एप्रिल-मे मध्ये दुपारी नेहमीइतकं हार्डनर घातलं तर पुट्टी पत्र्यावरच घट्ट होते. कमी हार्डनर, थोडी पुट्टी, आणि काम सकाळी.

घासताना बोटांनी पॉलिश पेपर दाबू नका. बोट दोन फ्रेमच्या मधल्या मऊ भागात जास्त खातं आणि बरगड्या दिसायला लागतात. ४० सेंमीच्या अॅल्युमिनियम सेक्शनला ८० नंबरचा पेपर चिकटवा आणि तिरपा चालवा, एकदा या दिशेने, एकदा त्या. मग काळ्या स्प्रेचा विरळ फवारा मारून पुन्हा घासा. जिथे काळं राहतं तिथे खळगा आहे. १२०, २२०, ४०० असे नंबर चढवत न्या. प्रत्येक फ्रेमचा उलटा साचा सनबोर्डमध्ये कापून ठेवा आणि तोच साचा पलटून दोन्ही बाजूंना लावा. दोन वेगळे साचे कापले तर तुम्ही साच्यातला फरक मोजत बसाल.

पाय कापून धड सुलटं केलं की त्याच दिवशी आतून आणि बाहेरून सँडिंग सीलर द्या. फक्त बाहेरून दिला तर पावसाळ्यात आतलं लाकूड दमट हवा ओढून फुगतं, बाहेरचं नाही, आणि इतक्या कष्टाने सरळ केलेलं धड मुरडतं. म्हणूनच धडाचं काम दिवाळीनंतर सुरू करून होळीच्या आत संपवावं. थंडीत पहाटे अॅराल्डाइट लवकर धरत नाही, तेवढं दुपारवर ढकला. ३ मिमी प्लायचा डेक चिकटवला की धड पेटीसारखं बंद होतं. डेकच्या वेळी पुन्हा त्या दोन पट्ट्यांनी पीळ बघा, कारण डेक बसला की जो आकार असेल तो कायमचा.

बाकीचं

डेकवर लाकडी फळ्यांच्या रेघा १:२०० मध्ये एक मिमीहून बारीक येतात. त्या स्वतः मारू नका, कोरीव लाकडी पत्र्याचा तयार डेक घ्या.

वरचं बांधकाम स्टायरीनचं, मजला-मजला वेगळा रंगवून मग एकावर एक. शीट जोडायला अॅक्रिलिकवाले वापरतात ते पातळ सॉल्व्हंट ब्रशने सांध्यात सोडा, खिडकी उघडी ठेवून.

मुख्य तोफा ३८ सेंमीच्या, चार बुरुजांत दोन-दोन: पुढे आंटोन आणि ब्रुनो, मागे सीझर आणि डोरा. नळीचं भोक मॉडेलवर १.९ मिमी. तयार पितळी नळ्या घ्या, नाहीतर लेथवाल्याकडून निमुळत्या करून घ्या. १०.५ सेंमीच्या सोळा विमानविरोधी तोफांसाठी इंजेक्शनची २२ नंबरची सुई छान जमते, ती बाहेरून सुमारे ०.७ मिमी असते. पकडीने कापली तर तोंड चेपतं, बारीक कटिंग डिस्कने कापा आणि डोळ्यांवर चष्मा ठेवा. तीन प्रोपेलर, प्रत्येकी ४.७ मीटरचे, म्हणजे मॉडेलवर २३.५ मिमी. मागे दोन सुकाणू.

रेलिंगचा पितळी पत्रा वाकवण्याआधी ज्योतीवरून फिरवून मऊ करा. डिंक टोकांना आणि मध्ये दोन ठिकाणी, सलग नको. तारांसाठी ०.१ मिमीचा ताणणारा धागा. साधा दोरा घेतला तर त्याची लव मोठ्या मापात दोरखंडासारखी दिसते.

रंग पावसाळ्यात नको. एनसी लॅकर दमट हवेत पांढुरका पडतो. पुट्टी आक्रसते, म्हणून शेवटच्या पुट्टीनंतर आठवडा जाऊ द्या, मग प्रायमर. पाण्याच्या रेषेसाठी धड पाटावर लेव्हलमध्ये बसवा, ठोकळ्यावर पेन्सिल आडवी बांधा आणि ठोकळा भोवती फिरवा. खाली तांबडा, मग काळा पट्टा, वर करडा. डबीतला करडा थोडा उजळ करून घ्या, लहान मॉडेलवर मूळ छटा गडद वाटते.

पाण्यात सोडायची इच्छा असेल तर आधी वजनाचं गणित करा. मूळ जहाजाचं मानक वजन ४१,७०० टन, ते २०० च्या घनाने भागलं की सुमारे ५.२ किलो येतं. मॉडेल त्यापेक्षा हलकं झालं तर पाण्याची रेषा वर राहते आणि जहाज डोलतं, तेव्हा शिसं कण्याजवळ, अगदी खाली भरा. गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला नेण्याआधी घरच्या टाकीत तपासा.

काचेची पेटी जड होते, ४ मिमी अॅक्रिलिक पुरे. टोकांना प्रत्येकी ५ सेंमी आणि मास्टच्या वर ३ सेंमी मोकळं ठेवा. पेटीची खालची कड पाटात खाच करून बसवा, नुसती टेकवली तर फटीतून धूळ आत जाते आणि रेलिंगमधली धूळ ब्रशने काढताना रेलिंगच निघते.