दोन देशांतल्या पशुधनाच्या उत्सर्जनाची तुलना कशी करावी?

न्यूझीलंडमध्ये हरितगृह वायूंच्या एकूण उत्सर्जनात जवळपास निम्मा वाटा शेतीचा आहे आणि त्यातला बहुतांश जनावरांचा. अमेरिकेत सगळी शेती मिळून वाटा भरतो साधारण 10 टक्के. मग न्यूझीलंडची जनावरे जास्त वायू सोडतात का? नाही. वाटा हा शेवटी अपूर्णांक असतो. अंश आणि छेद दोन्ही तपासल्याशिवाय तुलना करू नये.

1. दोन्ही आकडे एकाच ठिकाणचे घ्या. संयुक्त राष्ट्रांच्या हवामान करारानुसार देश आपापल्या उत्सर्जनाची यादी सादर करतात. अन्न व कृषी संघटनेच्या फाओस्टॅट या आकडेवारीच्या संग्रहातही आकडे मिळतात, पण त्यांची मोजण्याची पद्धत वेगळी. एक आकडा इथला, दुसरा तिथला असे करू नका. वर्षही एकच हवे.

2. अंशात काय धरले ते पाहा. सगळ्यात जास्त चुका इथे होतात. रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटातला मिथेन सहज सापडतो. साठवलेल्या शेण-मूत्रातून निघणारा मिथेन आणि नायट्रस ऑक्साइडही सापडतो. पण कुरणात चरताना पडलेल्या शेण-मूत्रातला नायट्रस ऑक्साइड यादीत शेतजमिनीच्या खात्यात जातो. न्यूझीलंडमध्ये जनावरे बहुतेक वर्षभर उघड्यावर चरतात, त्यामुळे हे खाते विसरलात तर त्या देशाला फुकटची सूट मिळते.

चारा पिकवणे, त्यासाठी जंगल तोडणे, वाहतूक हे सगळे यादीत इतरत्र विखुरलेले असते. अन्न व कृषी संघटनेने 2013 मध्ये दिलेला 14.5 टक्के हा जागतिक आकडा या गोष्टी धरून काढलेला आहे. तो देशाच्या यादीतल्या आकड्याशेजारी ठेवणे चूकच, तरी लोक सर्रास ठेवतात.

3. मिथेनचा गुणक जुळवा. मिथेनचे टन कार्बन डायऑक्साइडच्या टनांत मांडताना, 100 वर्षांतला तापवण्याचा परिणाम धरून, जुन्या अहवालांत 21 किंवा 25 ने गुणलेले असते, अलीकडच्या याद्यांत 28 ने. 20 वर्षांचा काळ धरला तर गुणक 80 च्या आसपास जातो. शक्य असेल तर मिथेनचे मूळ टन घ्या आणि स्वतः गुणा.

4. छेद ठरवा. जंगलांनी शोषलेला कार्बन वजा केला की छेद लहान होतो आणि वाटा फुगतो. दोन्हीकडे वजाबाकीआधीची बेरीज घेणे सोयीचे. शिवाय छेदात बाकी काय आहे तेही पाहा: न्यूझीलंडची बहुतांश वीज जलविद्युत आणि इतर अक्षय स्रोतांतून येते, उद्योगही तुलनेने कमी. तिथला वाटा मोठा दिसण्यामागे गाईंइतकाच हाही हात आहे.

5. वाट्याशेजारी टन मांडा. फक्त पोटातला मिथेन घेतला तर अमेरिकेत सुमारे 19 कोटी टन कार्बन डायऑक्साइडइतके उत्सर्जन होते, म्हणजे वाटा जेमतेम 3 टक्के. न्यूझीलंडमध्ये ते सुमारे 3 कोटी टन, वाटा 40 टक्क्यांच्या आसपास. न्यूझीलंडचे सर्व क्षेत्रांचे मिळून उत्सर्जन साधारण 8 कोटी टन. अमेरिकी जनावरांची पोटेच त्याच्या दुपटीहून पुढे! दरडोई हिशेबात पारडे फिरते: न्यूझीलंडमध्ये माणशी सुमारे 6 टन, अमेरिकेत 0.6.

मात्र न्यूझीलंडचे बहुतेक दूध आणि मांस निर्यात होते, आणि यादीत उत्सर्जन लागते ते उत्पादक देशाच्या नावावर. खाणाऱ्याच्या नावावर मांडायचे असेल, तर आयात-निर्यातीचे आकडे घेऊन वेगळा तक्ता करावा लागतो.