मृगाआधीची तयारी: परड्यात जांभूळ लावताना

आपल्याकडे ओक म्हटलं की आडनाव आठवतं, झाड नाही. माझा भाचा अमेरिकेत मेरीलँडला असतो. पांढरा ओक हा त्या राज्याचा वृक्ष. गेल्या दिवाळीत फोनवर म्हणाला, ‘मामा, अंगणात ओकच्या बियांचा सडा पडलाय. येताना मूठभर आणू?’ नको म्हटलं. एक तर परदेशातलं बी परवाना आणि तपासणीचा दाखला नसताना आणता येत नाही. दुसरं म्हणजे ते झाड कडक हिवाळ्यात पानं गाळून झोपणारं आणि बेळगावची थंडी सकाळी स्वेटर, दहा वाजता नुसता शर्ट एवढीच. हिमालयात बांज नावाचा ओक आहे, पण आपल्या सह्याद्रीत ओकची एकही जात आपणहून उगवत नाही.

त्यानं सांगितलेली एक गोष्ट मात्र डोक्यात राहिली. पांढऱ्या ओकचं बी सप्टेंबर-ऑक्टोबरात पडतं आणि पडल्या पडल्या जमिनीत मूळ सोडतं, कोंब वर येतो तो थंडी सोसून, वसंतात. मधे ते बी वाळलं की मेलंच. हे ऐकलं आणि माझं जुनं कोडं सुटलं. काही वर्षांपूर्वी मी जांभळाच्या बिया धुऊन, भोपळ्याच्या बियांसारख्या महिनाभर कागदावर वाळवून मग पेरल्या होत्या. एकही उगवली नाही आणि मी मातीला दोष देत बसलो.

तेव्हा ज्यांना परड्यात मोठं झाड हवंय त्यांनी जांभूळच लावावं आणि तयारी बियांपासून नाही, जागेपासून सुरू करावी. थर्टी-फॉर्टी साइटवर, म्हणजे तीस बाय चाळीस फुटांच्या प्लॉटवर, घर असेल तर इथेच थांबा, कढीपत्ता लावा, सोनचाफा लावा. जांभूळ सहज चाळीस-पन्नास फूट जातं आणि तेवढंच पसरायला बघतं. घराच्या भिंतीपासून वीस-पंचवीस फूट, शौचालयाच्या टाकीपासून आणि ड्रेनेजच्या पाइपापासून लांब, वर विजेची तार नाही, अशी जागा सापडली तरच पुढचं वाचा. अंगणात गाडी लावत असाल तर ती जागाही वगळा. जांभळाचा डाग शर्टावरून निघत नाही, तर गाडीच्या रंगाचं काय सांगावं. पुढे नको झालं म्हणून कुऱ्हाड उचलता येईल असंही नाही. कर्नाटकात 1976 चा वृक्षसंरक्षणाचा कायदा आहे, तोडायचं म्हणजे अरण्य खात्याचा दरवाजा आला. म्हणून हा विचार आत्ताच करायचा.

खड्डा एप्रिलमध्ये, वळवाचा एखादा पाऊस पडून जमीन जरा मऊ झाली की लगेच. तीन फूट लांब, तीन फूट रुंद, तीन फूट खोल. खानापूर, जांबोटीकडे दीड फुटावर जांभा लागतो, तिथे कुदळीचं काही चालत नाही, पहारच लागते आणि पहार चालवणारा गडी दोन दिवस आधी सांगून ठेवावा लागतो. जांभ्याचा तळ नीट फोडून घ्या, कारण जांभळाचं सोटमूळ सरळ खाली जातं आणि तळ घट्ट राहिला तर कुंडीत लावल्यासारखंच झालं. निपाणी, चिकोडीच्या काळ्या रानात खणायला सोपं, पण पावसात खड्ड्याचं डबकं होतं. तिथे भरताना माती वीतभर उंचवट्याची ठेवायची. वरची माती एका बाजूला, खालची दुसऱ्या बाजूला काढा आणि खड्डा महिनाभर उन्हात तापू द्या. मेअखेरीस वरची माती, चांगलं कुजलेलं शेणखत दोन-तीन बुट्ट्या आणि किलोभर निंबोळी पेंड मिसळून भरा. शेणखत हातात घेऊन वास घ्या. शेणाचा वास येतोय म्हणजे कच्चं आहे, तसलं खत वाळवीला आमंत्रण.

आता बी. मेच्या शेवटापासून खानापूरकडच्या बायका बेळगावच्या बाजारात टोपल्या घेऊन बसतात, आधी करवंदं, मग जांभळं. मोठ्या फळाची, जास्त गराची बघून घ्या. घरी सगळ्यांनी खायची, जीभ जांभळी करायची आणि बिया लगेच पाण्यात चोळून धुवायच्या. पेरायला दोन दिवस लागणार असतील तर ओल्या फडक्यात गुंडाळून सावलीत ठेवा. आठवड्याच्या वर ठेवू नका, पंधरा दिवसांनी त्यांच्यात फारसा जीव राहत नाही. खड्ड्याच्या मधोमध तीन बिया, एकेक इंच खोल. शिवाय चार-पाच बिया उंच पिशव्यांमध्ये. पिशवी बुटकी नको, मूळ तळाशी गुंडाळतं आणि मग ते झाड आयुष्यभर कुरकुरतं. दोन-तीन आठवड्यांत कोंब येतो. एका बीतून दोन-तीन कोंब निघाले तर चकित होऊ नका, जांभळाची ती रीतच आहे. दणकट दिसेल तो ठेवा, बाकीचे कात्रीने कापा, उपटू नका, उपटताना शेजारचं मूळ हलतं.

फळाची घाई असणाऱ्यांनी कलम आणावं. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची ‘कोकण बहाडोली’ ही जात मोठ्या फळाची आहे. कलमाला चार-पाच वर्षांत फळ दिसतं, बियाच्या झाडाला आठ-दहा. (पांढऱ्या ओकला भरपूर बी धरायला पन्नासेक वर्षं लागतात म्हणे, त्या मानानं आपण नशीबवान.) तयार रोप अरण्य खात्याच्या रोपवाटिकेतून आणायचं झालं तर तिथे ‘नेरळे’ या कानडी नावानं मागा, लगेच कळतं.

कुंपणाची सोय रोप येण्याआधी करायची, नंतर नाही. शेळीला जांभळाचं कोवळं पान फार आवडतं. बाभळीच्या किंवा करवंदीच्या काट्या आधीच तोडून ठेवा. कोवळी पानं तांबूस येतात, त्यावर औषध मारू नका, तो रोग नाही.

पावसाळाभर झाडाकडे बघावं लागत नाही. खरी परीक्षा दसऱ्यानंतर. पहिली दोन वर्षं ऑक्टोबर ते मे दर आठवड्याला एक घागर, एप्रिल-मेमध्ये दोन. गावाला जाणं होत असेल तर बुडाला बारीक भोक पाडून त्यात सुताची वात घातलेलं मडकं रोपाजवळ पुरून ठेवा, भरलं की तीन-चार दिवस झिरपत राहतं. आळ्यात पालापाचोळा घाला, पण बुंध्यापासून चार बोटं सोडून. बुंध्याला चिकटवला की साल कुजते.

मुलांना एक गोष्ट पहिल्या वर्षापासून सांगत राहायची: जांभळाची फांदी चिंचेसारखी चिवट नसते, कटकन मोडते. फळं खाली चादर धरून हलवून काढायची, वर चढायचं नाही.

आणि शेजाऱ्यांच्या कानावर आत्ताच घाला. दहा वर्षांनी फांदी त्यांच्या कौलांवर जाणार, खाली सडा पडणार, वटवाघळं येणार. आमच्या शेजारच्या काकूंनी ऐकून एवढंच विचारलं, ‘आमच्या बाजूला पडलेली जांभळं आमचीच ना?’ पिशवीतलं एक जादा रोप मी त्यांना दिलं. त्यांनी ते शेतावर बांधाला लावलंय.