सोलापूरच्या गच्च्या मोजताना

सोलापुरात ऊन मोजायला यंत्र कशाला? मोजायची ती सावली. सौर पॅनेल किती बसतील हे पाहायला उपग्रह नकाशावर आधी आमच्या पेठेतल्या सपाट गच्च्या मोजल्या. टाकी, जिन्याची खोली आणि वाळवणाची जागा वगळा (शेवटची विसरलात तर घरात भांडण ठरलेलं). उरलेल्या दर 100 चौरस फुटांना साधारण 1 किलोवॅट, म्हणजे दिवसाला सरासरी 4 युनिट धरा. पावसाळ्यात कमीच.

पण नकाशा सावलीबाबत फसवतो. 22 डिसेंबरच्या आसपास सकाळी 9, दुपारी 12 आणि 3 वाजता गच्चीवर जाऊन खडूने सावलीची कड आखा. सूर्य दक्षिणेला कललेला असतो. भर दुपारीसुद्धा 10 फुटी टाकीची सावली उत्तरेकडे जवळजवळ 9 फूट पडते. पत्र्याची घरं वेगळी मोजा, सगळेच सांगाडे पॅनेलचं वजन पेलत नाहीत.