पंप ॲक्शन बंदुकीसाठी जोडसाहित्य कसे निवडावे

12 बोअरच्या पंप ॲक्शन बंदुकीला, म्हणजे नळीखालची मूठ मागे-पुढे करून काडतूस भरायच्या बंदुकीला, बाहेरून जोडता येणाऱ्या वस्तू पुष्कळ आहेत. दस्त्यामागचे (खांद्याला टेकणाऱ्या भागामागचे) रबरी पॅड, खांद्याचा पट्टा, काडतुसे धरणारी पट्टी, चोक (छर्ऱ्यांचा फैलाव आवरणारे नळीचे अरुंद तोंड), निराळे साइट (नेम धरायचे साधन), टॉर्च असे बरेच काही मिळते. मात्र त्यांतल्या बहुतेक वस्तू बंदूक जड करतात आणि नेम सुधारणाऱ्या वस्तू फार थोड्या असतात. म्हणून आधी बंदूक अंगाला नीट बसते की नाही ते पाहावे आणि मग गरजेपुरतेच साहित्य घ्यावे. पुण्यातील परवानाधारकांसाठी, मग ते शहरात राहणारे असोत की मुळशी-भोरकडे शेती असलेले, हाच क्रम योग्य आहे असे माझे ठाम मत आहे.

पुढची प्रत्येक तपासणी रिकाम्या बंदुकीवर करावी. चेंबर (काडतूस उडते ती नळीमागची जागा) आणि नळीखालचे मॅगझिन (काडतुसे साठवणारी नळी) दोन्ही डोळ्यांनी पाहून व बोटाने चाचपून रिकामे असल्याची खात्री करावी आणि खरी काडतुसे त्या खोलीत ठेवूच नयेत.

सर्वांत महत्त्वाचे माप म्हणजे चापापासून दस्त्याच्या मागच्या टोकापर्यंतचे अंतर. कारखान्यातून येणाऱ्या बऱ्याच पंप बंदुकांत ते सुमारे 14 इंच असते आणि आपल्याकडच्या मध्यम बांध्याच्या अनेकांना ते लांब पडते. डोळे मिटून बंदूक सहजपणे खांद्याला लावावी आणि मग डोळे उघडावेत. नळीच्या टोकावरची माशी (नेम धरायचा मणी) नळीच्या मधोमध, सरळ रेषेत दिसली आणि मुठीवरचा अंगठा व नाक यांत दोन-तीन बोटांचे अंतर राहिले, तर माप बरोबर आहे. दस्ता काखेत अडकत असेल किंवा मान पुढे ताणावी लागत असेल, तर दस्ता लांब आहे. अशा वेळी धक्का कमी व्हावा म्हणून वरून चढवायचे जाड पॅड घेतल्यास लांबी जवळपास इंचभर आणखी वाढते आणि पंप मागे-पुढे करणाऱ्या हाताची पोहोच बिघडते. त्याऐवजी आखूड दस्ता घ्यावा, किंवा लाकडी दस्ता परवानाधारक कारागिराकडून हवा तेवढाच कमी करून त्यावर पॅड बसवून घ्यावे. खांद्याला टेकणारा दस्ता काढून केवळ पिस्तुली मूठ लावणे मात्र टाळावे, कारण त्यामुळे नेम धरता येत नाही आणि सगळा धक्का मनगटावर येतो.

बंदुकीच्या बाजूला काडतुसे धरणारी पट्टी अनेकांना हवीशी वाटते, आणि नेमकी तिथेच सर्वाधिक काळजी लागते. काही बनावटींत ही पट्टी चापाचा संच धरणाऱ्या पिना काढून त्यांच्या जागी लांब स्क्रू घालून बसवतात. हे स्क्रू जास्त आवळले की बंदुकीचा सांगाडा दोन्ही बाजूंनी किंचित दाबला जातो, आतला बोल्ट (काडतूस मागून बंद करणारा सरकता भाग) घासू लागतो आणि पंप मागे ओढताना अडखळतो. पंप पूर्ण मागे गेला नाही तर रिकामे काडतूस नीट बाहेर पडत नाही किंवा पुढचे भरले जात नाही. म्हणून पट्टी बसवल्यावर डमी (दारू नसलेली, सरावाची) काडतुसे भरून पंप जोराने, शेवटपर्यंत, पुन्हा पुन्हा चालवून पाहावा. पट्टी बसवण्यापूर्वीच्या हालचालीपेक्षा जरा जरी फरक जाणवला, तरी स्क्रू सैल करावेत. स्क्रू हरवला म्हणून बोहरी आळीतून (पुण्यातल्या हार्डवेअरच्या बाजारातून) मिळताजुळता आणून बसवणे धोक्याचे आहे. अमेरिकी बनावटीच्या बंदुकांतील आटे इंच पद्धतीचे असतात, साइटच्या छिद्रांसाठी तर 6-48 या मापाचा (6 नंबरचा, इंचाला 48 फेऱ्यांचा) आटा रूढ आहे, आणि मेट्रिक स्क्रू जबरदस्तीने फिरवल्यास मूळ आटाच कापला जातो.

चोकच्या बाबतीत आधी आपल्या नळीला बदलता येणारा चोक आहे का, हे पाहावे, कारण पुष्कळ नळ्यांत तो कायमचाच असतो. बदलता येत असल्यास त्या बनावटीच्या आट्याचाच घ्यावा. फुल चोकमधून, म्हणजे सर्वांत अरुंद प्रकारच्या चोकमधून, एकगोळी काडतूस (छर्ऱ्यांऐवजी एकच मोठी गोळी असलेले) मारू नये. छर्ऱ्यांचा फैलाव तपासण्याची जुनी रीत म्हणजे 40 यार्डांवर 30 इंची वर्तुळ काढून त्यात किती छर्रे पडतात ते मोजणे. परवानगी असलेल्या रेंजवर आपण नेहमी वापरतो तीच काडतुसे घेऊन ही चाचणी करावी.

बंदुकीवर टॉर्च लावण्याच्या मी विरोधात आहे. तिचा उजेड पाडायचा म्हणजे नळी त्या दिशेला रोखावीच लागते, आणि अंधारात बांधावर उभा असलेला माणूस शेजारचा शेतकरीही असू शकतो. कपाळावर बांधायची टॉर्च पुरेशी आणि सुरक्षित आहे.

पट्टा नायलॉनचा घ्यावा. चामड्याच्या पट्ट्याला आपल्याकडच्या पावसाळ्यात बुरशी धरते आणि स्पंज किंवा निओप्रीनचे आवरण ओल धरून ठेवते, त्यामुळे त्याखालच्या लोखंडावर गंज चढतो.

कायद्याची बाजू खरेदीपूर्वीच समजून घ्यावी. शस्त्र अधिनियम, 1959 नुसार शस्त्राचे भाग हेही शस्त्रच मानले जातात, आणि आवाज किंवा ज्वाळा कमी करण्यासाठी बनवलेले साहित्य बंदुकीच्याच व्याख्येत येते. त्यामुळे असे साहित्य किंवा वेगळी नळी ऑनलाइन मागवू नये. कलम 6 नुसार परवान्याशिवाय नळी आखूड करता येत नाही. छिद्र पाडणे, आटे पाडणे, नळी किंवा मॅगझिन बदलणे यांपैकी काहीही करायचे असल्यास आधी परवाना प्राधिकाऱ्याकडे लेखी विचारणा करावी. पुणे शहरात ते प्राधिकारी पोलीस आयुक्त आहेत आणि ग्रामीण भागात जिल्हाधिकारी.

निवडणुकीच्या काळात बंदूक पोलीस ठाण्यात जमा करण्याचा आदेश आल्यास पट्टा, काडतूसपट्टी, साइट असे सुटे होणारे साहित्य काढून घरी ठेवावे. जे काढता येत नाही, त्याची नोंद जमा पावतीवर करून घ्यावी आणि बंदूक परत घेताना त्या पावतीशी एकेक वस्तू ताडून पाहावी.