पासवर्ड मॅनेजरसाठी पैसे मोजावेत का: ठरवण्याची आणि बसवण्याची रीत

पासवर्ड मॅनेजर (सगळे पासवर्ड एका कुलूपबंद तिजोरीत जपून लागतील तिथे भरून देणारे अ‍ॅप) वापरावा की नाही, याबद्दल माझ्या मनात आता शंका उरलेली नाही. एकच पासवर्ड पाच ठिकाणी वापरला आणि त्यांतल्या एका ठिकाणची माहिती फुटली, की चोर तोच ईमेल आणि तोच पासवर्ड इतर शेकडो संकेतस्थळांवर यंत्राकरवी आपोआप चालवून पाहतात. यापासून बचाव करायचा तर प्रत्येक खात्याला वेगळा पासवर्ड हवा, आणि इतके वेगळे पासवर्ड कोणाच्याही लक्षात राहत नाहीत. खरा पेच पुढचा आहे: फुकट मिळणाऱ्या सोयीवर भागवावे, की दरवर्षी वर्गणी भरावी? माझे मत सुरुवातीलाच सांगतो. फक्त स्वतःची खाती सांभाळणाऱ्याला पैसे भरण्याची गरज सहसा पडत नाही. ज्याच्या पासवर्डवाचून घरातल्या आणखी दोन-तीन माणसांची कामे अडतात, त्याने मात्र वर्गणीचा विचार जरूर करावा.

पैसे भरले म्हणजे तिजोरीचे कुलूप अधिक मजबूत होते, असा एक समज आहे. चांगल्या मॅनेजरांमध्ये तसे नसते. आपण टाकलेल्या मास्टर पासवर्डवर, म्हणजे तिजोरी उघडण्याच्या मुख्य पासवर्डवर, आपल्याच फोनमध्ये किंवा संगणकात एक गणिती प्रक्रिया पुन्हा पुन्हा चालवली जाते, तिच्यातून एक किल्ली तयार होते आणि त्या किल्लीने कूटबद्ध केलेली, म्हणजे किल्लीवाचून वाचता न येणारी, तिजोरी कंपनीच्या सर्व्हरवर जाते. ही पद्धत फुकट खात्याला आणि वर्गणीदाराच्या खात्याला एकच असते. २०२२ साली लास्टपास या कंपनीकडून ग्राहकांच्या तिजोऱ्यांचा बॅकअप चोरीला गेला, त्यात पैसे भरणाऱ्यांच्या तिजोऱ्याही होत्या. आतले पासवर्ड कूटबद्ध होते, पण कोणाचे खाते कोणत्या संकेतस्थळावर आहे ते पत्ते उघडे होते. अशा वेळी कोणाला किती धोका, हे दोन गोष्टींवर ठरते: मास्टर पासवर्ड किती भक्कम होता, आणि ती गणिती प्रक्रिया किती वेळा चालवण्याचे ठरलेले होते. जुन्या काही खात्यांमध्ये हा फेऱ्यांचा आकडा फारच कमी राहून गेला होता. आपल्या मॅनेजरच्या सुरक्षा सेटिंगमध्ये तो दिसत असेल तर एकदा पाहून घ्यावा. किल्ली बनवण्याची पीबीकेडीएफ२ ही पद्धत असेल तर ६,००,००० किंवा त्याहून अधिक फेऱ्या असाव्यात, आणि आर्गॉन२ ही त्याच कामाची दुसरी पद्धत निवडण्याची सोय असेल तर ती निवडावी.

फुकटात काय मिळते, ते आधी नीट पाहू. पहिला मार्ग फोन आणि ब्राउझरमध्ये आधीपासून असलेल्या मॅनेजरचा आहे. गूगलचा मॅनेजर क्रोम आणि अँड्रॉइडमध्ये असतोच, आणि अ‍ॅपलने २०२४ साली आयओएस १८ बरोबर ‘पासवर्ड्स’ हे स्वतंत्र अ‍ॅप दिले. ज्याची सगळी उपकरणे एकाच घराण्यातली आहेत, त्याचे काम यात चांगले होते. फोन एका कंपनीचा, संगणक दुसऱ्याचा आणि ब्राउझर तिसऱ्याचा असेल, तर रोज कुठेतरी अडायला होते. दुसरा मार्ग कीपास किंवा कीपासएक्ससी यांचा. यात तिजोरी म्हणजे आपल्याच संगणकावरची एक फाइल असते, कंपनी मध्ये नसते, पण ती फाइल फोनवर नेणे आणि तिचा बॅकअप ठेवणे ही जबाबदारी सर्वस्वी आपली. हे ज्याला आवडते त्याने हेच वापरावे, मात्र घरातल्या इतरांवर ते लादू नये. तिसरा मार्ग बिटवॉर्डनसारख्या सेवेच्या फुकट खात्याचा, ज्यात पासवर्डांच्या संख्येवर किंवा उपकरणांच्या संख्येवर मर्यादा नाही. सगळ्याच सेवा इतक्या उदार नाहीत. लास्टपासने २०२१ साली फुकट खाते फक्त संगणकावर किंवा फक्त फोनवर, अशा एकाच प्रकारच्या उपकरणांपुरते मर्यादित केले. म्हणून फुकट खाते निवडताना दोन्हीकडे चालते ना, हे आधी तपासावे.

आता ठरवण्याची रीत. यांतला एक फुकट मार्ग निवडून महिनाभर वापरावा आणि एका कागदावर फक्त अडलेले प्रसंग टिपावेत. ‘आज फोनवर पासवर्ड सापडला नाही’, ‘बायकोला विजेच्या खात्याचा पासवर्ड मेसेजमधून पाठवला’, ‘पासपोर्टची प्रत कुठे ठेवली ते आठवेना’, इतक्याच नोंदी पुरतात. महिन्याअखेरीस कागद जवळजवळ कोरा असेल, तर वर्गणी भरण्याचे कारण नाही. पहिल्या प्रकारच्या नोंदी जास्त असतील तर बहुधा मॅनेजर चुकीचा निवडला आहे, आणि तो बदलला की पैसे न भरताही प्रश्न सुटतो. दुसऱ्या प्रकारच्या नोंदी भरपूर असतील तर वर्गणीला अर्थ आहे.

या दुसऱ्या नोंदीकडे जवळून पाहण्यासारखे आहे. मेसेजमधून पाठवलेला पासवर्ड दोन्ही फोनवरच्या संभाषणात आणि त्यांच्या बॅकअपमध्ये वर्षानुवर्षे पडून राहतो. तीन महिन्यांनी एकजण तो पासवर्ड बदलतो, दुसऱ्याला सांगायचे राहून जाते, आणि बिल भरण्याच्या शेवटच्या दिवशी दुसरा चुकीचा पासवर्ड टाकून खाते बंद करून बसतो. कुटुंबासाठीच्या वर्गणीत सामायिक कप्पा मिळतो: त्यात ठेवलेला पासवर्ड एकाने बदलला की सर्वांच्या तिजोरीत बदलतो, आणि प्रत्येकाची खासगी तिजोरी वेगळीच राहते. फक्त दोघांपुरते हवे असेल तर बिटवॉर्डनमध्ये दोन माणसांचा गट फुकटही करता येतो. तिसरा माणूस आला की मात्र पैसे मोजणे रास्त ठरते.

वर्गणीतली दुसरी मोलाची सोय म्हणजे आणीबाणीचा प्रवेश, आणि तिच्याविषयी मी थोडे अधिक लिहिणार आहे, कारण तिची किंमत मला उशिरा कळली. माझे वडील अचानक रुग्णालयात दाखल झाले तेव्हा त्यांचा विम्याचा कागद ईमेलमध्ये होता, ईमेलला ओटीपी फोनवर येत होता, आणि फोनचा पिन फक्त त्यांनाच ठाऊक होता. ते शुद्धीवर होते, पण अंक त्यांना नीट सांगता येत नव्हते. तो कागद हाती यायला आम्हाला नऊ दिवस लागले. आणीबाणीच्या प्रवेशात आपण विश्वासातल्या एका व्यक्तीचे नाव आधीच नोंदवून ठेवतो. वेळ आली की ती व्यक्ती प्रवेश मागते, आपल्याला तशी सूचना येते, आणि आपण ठरवलेल्या मुदतीत, समजा सात दिवसांत, नकार दिला नाही तर तिला तिजोरी उघडता येते. मुदत फार लांब ठेवू नये. रुग्णालयाच्या प्रसंगात तीस दिवसांचा काहीच उपयोग नसतो. वर्गणी भरायची नसेल, तर मास्टर पासवर्ड आणि रिकव्हरी कोड (खात्यात शिरणे अडले तर वापरायचा राखीव कोड) कागदावर लिहून बंद पाकिटात, घरातल्या कुलूपबंद जागी ठेवावा आणि पाकीट कुठे आहे ते एका माणसाला सांगावे. हा उपाय जुन्या वळणाचा वाटला तरी उत्तम चालतो.

जाहिरातीत ठळकपणे दाखवल्या जाणाऱ्या बाकीच्या बऱ्याच गोष्टींसाठी मी पैसे देणार नाही. फुटलेल्या माहितीवर लक्ष ठेवण्याचे काम ट्रॉय हंट यांनी २०१३ साली सुरू केलेले ‘हॅव आय बीन पॉन्ड’ हे संकेतस्थळ फुकट करते. तिथे पासवर्ड तपासताना तो जसाच्या तसा पाठवलाही जात नाही, त्याच्या हॅशची, म्हणजे पासवर्डवरून गणिताने काढलेल्या ठशाची, फक्त पहिली पाच अक्षरे जातात. सोबत जोडून दिलेले व्हीपीएन (इंटरनेटवरची आपली ये-जा कूटबद्ध मार्गाने नेणारी सेवा) ही वेगळी वस्तू आहे, तिची गरज वेगळी तपासावी. ओटीपीसारखे दर तीस सेकंदांनी बदलणारे कोड मॅनेजरमध्येच तयार होण्याची सोय काही ठिकाणी वर्गणीदारांनाच मिळते; ती सोयीची आहे हे खरे, पण वेगळे ऑथेंटिकेटर अ‍ॅप फुकट मिळते आणि निदान मॅनेजरच्या स्वतःच्या खात्यात शिरताना पासवर्डनंतर लागणारा कोड तरी तिजोरीबाहेरच असायला हवा. किल्ली पेटीत ठेवून पेटीला कुलूप लावण्यासारखे होऊ नये.

पैसे भरण्याआधी तीन प्रश्नांची उत्तरे कंपनीच्या मदतपानांवर शोधावीत. वर्गणी थांबवली तर तिजोरी वाचता आणि बाहेर काढता येते का? सगळे पासवर्ड दुसऱ्या मॅनेजरला चालेल अशा फाइलमध्ये एक्सपोर्ट करता येतात का? बाहेरच्या तज्ज्ञांकडून करून घेतलेल्या सुरक्षा तपासणीचे अहवाल कंपनी प्रसिद्ध करते का? यांतल्या पहिल्या दोन्हींचे उत्तर स्पष्ट मिळाले नाही तर तिथे थांबावे. पहिल्या वर्षाची सवलत पाहून भुलू नये, दुसऱ्या वर्षी आपोआप किती रक्कम कापली जाईल तो आकडा पाहावा.

फुकट असो वा विकत, बसवण्याची रीत एकच आहे आणि सुरुवात मास्टर पासवर्डपासून होते. माझा आग्रह फाशांचा आहे. डाइसवेअर या पद्धतीत ७,७७६ शब्दांची क्रमांक दिलेली यादी असते. फासा पाच वेळा टाकून आलेल्या आकड्यांवरून एक शब्द निवडायचा आणि असे सहा शब्द घ्यायचे. मनाने निवडलेले शब्द चालत नाहीत, कारण आपले मन नेहमीच्याच वाटेने जाते. शब्द मराठी घ्यायला हरकत नाही, पण ते रोमन लिपीत लिहावेत. देवनागरीत ‘ऱ’सारखे अक्षर दोन वेगळ्या प्रकारे साठवले जाऊ शकते, डोळ्यांना ते एकच दिसते, पण मॅनेजरला वेगळे वाटू शकते, आणि नव्या फोनच्या कीबोर्डवरून तिजोरी उघडेनाशी होण्याची भीती राहते. पहिला आठवडा हा पासवर्ड रोज हाताने टाकावा, बोटाच्या ठशाची सोय त्यानंतर सुरू करावी.

मग ब्राउझरमधले जुने पासवर्ड नव्या तिजोरीत आणावेत. इथे एक चूक हमखास होते. ब्राउझर एक सीएसव्ही फाइल देतो आणि ती डाउनलोड्स या फोल्डरमध्ये पडते. ती कूटबद्ध नसते, दोनदा क्लिक केले की सगळे पासवर्ड तक्त्यात उघडे दिसतात. आयात झाली की ती फाइल पुसावी, रिसायकल बिनमधूनही काढावी, आणि ते फोल्डर आपोआप क्लाउडवर जात असेल तर तिथेही पाहावे. त्यानंतर ब्राउझरमधली जुनी साठवण पुसून त्याची पासवर्ड जपण्याची सोय बंद करावी, नाहीतर दोन्हीकडे वेगवेगळे पासवर्ड जमू लागतात.

सगळे पासवर्ड एका दिवसात बदलायला बसू नये. दमून काम अर्धवट राहते. पहिल्या दिवशी फक्त ईमेल, कारण बाकीची सगळी खाती त्याच्यावरून परत उघडता येतात. मग बँक, मग मोबाइल कंपनीचे खाते. उरलेल्यांचा पासवर्ड ज्या दिवशी त्या खात्यात जाल त्या दिवशी बदलावा. मॅनेजर एखाद्या पानावर पासवर्ड सुचवेनासा झाला तर तो हाताने उतरवून टाकण्याची घाई करू नये. तो पानाच्या पत्त्याशी आपली नोंद जुळवून पाहतो. इंग्रजी ‘एम’च्या जागी ‘आर’ आणि ‘एन’ शेजारी ठेवून बनवलेला खोटा पत्ता आपल्या नजरेतून सुटतो, पण त्याच्या नाही. पत्ता अक्षर अक्षर वाचावा, आणि शंका असेल तर ते पान बंद करून खरे संकेतस्थळ स्वतः उघडावे.

वर्गणी घेतलीच, तर नूतनीकरणाच्या पंधरा दिवस आधीची आठवण कॅलेंडरमध्ये लावून ठेवावी. त्या दिवशी सामायिक कप्पा कोणी उघडला का, आणीबाणीसाठी नोंदवलेली व्यक्ती आजही तीच योग्य आहे का, हे पाहावे. मी त्या दिवशी आईला तिच्या फोनवरून एकदा प्रवेश मागायला लावतो आणि सूचना माझ्याकडे आली की नकार देतो. यंदा त्या सरावाला चार मिनिटे लागली.